सी ऑफचं खरं वाक्य

आमच्या मास्तरांकडे इंग्रजी शिकायचं तर अट एकच होती. खोटं वाक्य चालणार नाही. शाई सांडली तर चाले, उशीर झाला तर चाले, चार दिवस दांडी मारली तरी ते "काऊन रे?" एवढंच म्हणत. पण वाक्य खरं पाहिजे. पहिल्याच दिवशी मी त्यांच्या फाटक्या पुस्तकातून मोठ्या आवाजात 'आय हॅव अ हॉर्स' असं वाचून दाखवलं, तर मास्तर उठले, ओसरीच्या कडेला गेले, रस्त्यावर इकडेतिकडे पाहिलं आणि मला विचारलं, "कुठी हाय घोडा?"

"मास्तर, पुस्तकात लिवलं हाय."

"मंग पुस्तकाचा असंन. तू तुह्यं सांग. तुह्याजवळ काय हाय?"

माझ्याजवळ दोन बैल, एक मोट आणि वांग्याचा मळा होता. पैकी मोटेला आणि वांग्याला इंग्रजीत काय म्हणतात ते मास्तरांनाही ठाऊक नव्हतं, आणि 'ठाऊक नाई' असं ते सरळ म्हणाले. म्हणून त्या दिवशी मी 'आय हॅव टू बुलक्स' एवढंच शिकून घरी गेलो. ते वाक्य आज म्हातारपणीही मला झोपेत म्हणता येतं. बैल कधीच गेले, म्हणजे मास्तरांच्या हिशेबानं आता ते वाक्य म्हणायची मला परवानगी नाही.

कापसाच्या तेजीची ती वर्षं. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, तिथला कापूस बंद झाला आणि विलायतेच्या गिरण्यांनी आमच्या काळ्या मातीकडे तोंड वळवलं. अमरावती-अकोल्याला साहेबांचे तंबू पडले. बैलांच्या शिंगांवर चांदीची टोपणं आली. कालपर्यंत अनवाणी फिरणारे लोक चालताना मुद्दाम जोडे वाजवू लागले. आमच्या वडिलांसारख्या साध्या माळ्यालाही वाटलं, की घरात एकाला तरी साहेबाशी बोलता आलं पाहिजे. "वांगे मी पायतो," ते म्हणाले, "तू सायेब पाय." मी तेव्हा बावीस वर्षांचा, लग्न झालेला, चांगल्या भरघोस मिशांचा माणूस. पाटी घेऊन रस्त्यानं जायची लाज वाटे, म्हणून ती टोपलीत मेथीखाली लपवून नेत असे.

मास्तर मूळचे बाळापूरचे. एलिचपूरच्या छावणीत कुणा साहेबाचे मुनशी म्हणून राहिले आणि तिथे इंग्रजी शिकले. अमरावतीत खोलापुरी दरवाज्याच्या आत त्यांचं लहानसं घर होतं, त्याच्या ओसरीवर आमची शाळा. विद्यार्थी आम्ही तिघं: मी, एका दलालाचा मुनीम, आणि गाड्यांचा एक ठेकेदार. तिघांच्या वयाची बेरीज शंभराच्या वर जात होती.

मास्तरांच्या डोक्यावर एरवी पागोटं असे. शिकवायला बसले की ते पागोटं खुंटीला लावत आणि छावणीतून आणलेली एक काळी टोपी घालत. टोपी चढली की त्यांना मराठी ऐकू येत नसे. ढोंग म्हणा, नेम म्हणा, पण तोफ डागली तरी त्यांचा नेम मोडत नसे. एकदा शेजाऱ्याची गाय ओसरीवर चढली आणि आमच्या वह्या खाऊ लागली. आम्ही तिघं ओरडतोय, "मास्तर, गाय! मास्तर, गाय!" मास्तर शांतपणे खिडकीकडे पाहत बसले. ठेकेदाराला 'काऊ' आठवेपर्यंत गाईनं आमचा महिन्याचा अभ्यास संपवला होता.

या टोपीवर इलाज एकच होता, तो म्हणजे त्यांची बायको. आम्ही त्यांना बाई म्हणत असू. घरात तेल संपलं, की बाई हात पुसत बाहेर येत, नवऱ्याच्या डोक्यावरची टोपी उचलत, "तेल सरलं" म्हणत, आणि टोपी पुन्हा होती तशी ठेवून आत जात. मास्तर अर्धवट राहिलेलं इंग्रजी वाक्य तिथूनच पुढे सुरू करत.

त्यांचा खरा जीव होता तो जोड्यांवर. इंग्रजीत एक साधं क्रियापद घेतात आणि त्याच्यामागे एक चिमुकला शब्द लावतात, की दोघांचा मिळून वेगळाच अर्थ होतो. मास्तर त्यांना जोड्या म्हणत. "एका बैलानं वखर चालत नाई," असं सांगत. एका जोडीला ते आठ-आठ दिवस घेत. आधी स्वतःचं खरं वाक्य सांगत, मग आम्ही प्रत्येकानं आपलं सांगायचं, आणि मग ते खरं आहे की नाही हे मास्तर स्वतः जाऊन पाहत.

'गेट अप' म्हणजे उठणे. मुनीमानं ऐटीत सांगितलं की मी रोज पहाटे उठतो. दुसऱ्या दिवशी कोंबडं आरवायला मास्तर मुनीमाच्या दारात उभे! मुनीमाच्या बायकोला वाटलं, कुणी मेल्याची खबर आली. मुनीम डोळे चोळत बाहेर आला तेव्हा ऊन अंगणात उतरलं होतं आणि मास्तर बाजेवर बसून त्याच्या मुलांना 'गेट अप' शिकवत होते. 'गिव अप' म्हणजे सोडून देणे. ठेकेदारानं ठोकून दिलं, 'आय गेव अप टोबॅको.' मास्तरांनी त्याला तोंड उघडायला लावलं, वास घेतला आणि पाटीवर काट मारली. ठेकेदार हट्टी माणूस. त्या एका वाक्यापायी त्यानं पंधरा दिवस तंबाखूला हात लावला नाही. सोळाव्या दिवशी वाक्य पास झालं आणि तंबाखू कायमची सुटली ती सुटलीच. त्याची बायको मास्तरांकडे नारळ घेऊन आली होती.

आम्ही वऱ्हाडी माणसं साहेबापुढे कशी फसत असू त्याचा एकच दाखला देतो. आपल्याकडे घरातून निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. मुनीमानं एकदा साहेबाच्या तंबूतून उठताना हात जोडून तेच म्हटलं, 'आय कम.' साहेबानं खुर्ची पुढे ओढली, नोकराला चहा सांगितला आणि हा गडी आत्ता येईल, मग येईल म्हणून दिवे लागेपर्यंत वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी मुनीमाला बोलणी खावी लागली. मास्तरांना हे कळलं तेव्हा ते आधी खूप हसले. मग हसू एकाएकी आवरून म्हणाले, "निरोपाची जोडी शिकवाले पाहिजे तुमाले."

ती जोडी 'सी ऑफ.'

अर्थ सांगा म्हटलं. मुनीम म्हणाला, निरोप देणे. मास्तर म्हणाले, "निरोप तं माणूस लोडाले टेकूनबी देते. नाई." ठेकेदार म्हणाला, वाटेला लावणे. "कटकट गेली म्हून लावतेत वाटेले. नाई." मी म्हटलं, पोचवणे. "पोचवणं म्हंजे त्याच्या गावापर्यंत जाणं. तू तं मांगं राह्यतं." मग त्यांनी टोपी काढली. शिकवताना त्यांनी आपल्या हातानं टोपी काढलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. म्हणाले, "जाणाऱ्यासंगं निंगाचं. जथी त्याची वाट सुरू होते, तथी उभं राहाचं. आन् तो दिसेनासा होयेपर्यंत पाठ फिरवाची नाई. याले म्हणतेत सी ऑफ."

हे ते नुसतं सांगत नव्हते, रोज करत होते. शाळा सुटली की मास्तर आमच्याबरोबर दरवाज्यापर्यंत येत आणि तिथे उभे राहत. कमानीखाली त्यांची उंच, वाळकी आकृती, डोळ्यांवर आडवा हात. आमचा मळा अंबा दरवाज्याबाहेर, म्हणजे मला गावाच्या परकोटाच्या भिंतीकडेनं सरळ लांबवर चालावं लागे आणि त्यांची नजर सारा वेळ पाठीवर. वाटेत तंबाखूच्या दुकानाशी थांबायची सोय नाही. चाळण्या विकणारी बाई, जोशी, सावकाराचा निरोप्या, घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते असंच पोचवत. गावातले लोक म्हणत, मास्तराकडे जाणं सोपं हाय, तेथून निंगणं कठीण.

माझं 'सी ऑफ'चं वाक्य काही केल्या पास होईना. आमच्या घरातून कधी कुणी दूर गेलंच नव्हतं. अखेर बायको माहेरी निघाली, शेंदूरजनाघाटाला. मेव्हण्याच्या गाडीत ती बसली, मी नागपुरी दरवाज्यापर्यंत गेलो आणि दुसऱ्या दिवशी छाती काढून सांगितलं, 'आय सॉ माय वाइफ ऑफ.'

मास्तरांनी विचारलं, "गाडी वळणावर गेली तवा तू काय करून राहिला होता?"

खोटं बोलायची सोय नव्हती. "मेथीचा भाव करून राहिलो होतो, मास्तर. तथीच एक गिऱ्हाईक भेटलं."

"मंग तुह्या बायकोनं मांगं वळून पाह्यलं असंन तं तिले काय दिसलं?"

त्यांनी पाटीवर काट मारली. मला राग आला. बायको माझी, पोचवायला गेलो मी, आणि नापास करणारे हे कोण? त्या रागात मी म्हणालो, "मास्तर, हरेक जोडीचं तुमी आधी तुमचं वाक्य सांगता. याचं काऊन नाई सांगितलं?"

मास्तरांनी टोपी घातली. त्यांना मराठी ऐकू येईना. मी तेच इंग्रजीत विचारलं, मोडकंतोडकं, तर ते उठून आत गेले. त्या दिवशी आम्हाला दरवाज्यापर्यंत पोचवायलाही आले नाहीत.

मी मेथीची जुडी द्यायला म्हणून मागच्या दारी गेलो तेव्हा बाईंनी सांगितलं. त्यांना एक मुलगा होता. बापाकडून इंग्रजी शिकून तयार झालेला. दोन वर्षांपूर्वी एका कापसाच्या साहेबाकडे दुभाष्याची नोकरी चालून आली. मास्तरांनी नाही म्हटलं. दुभाष्याला शेतकऱ्याजवळ एक आणि साहेबाजवळ दुसरंच सांगावं लागतं, हे त्यांनी छावणीत पाहिलं होतं. मुलगा म्हणाला, खरं बोलून तुमी काय कमावलं? शब्दानं शब्द वाढला.

"सकाळी बोचकं घेऊन दारात उभा राह्यला," बाई म्हणाल्या. "म्हणते, 'बाबा, जातो मी.' येतो नाई म्हणाला, जातो म्हणाला. यायच्या, तुमच्या मास्तरायच्या, डोक्यावर टोपी होती. यायनं मान वर नाई केली. पोट्टा उभा होता थोडा वेळ. मी चुलीपासून धावत आली, तं गल्लीत कोनी नाई." मेथी निवडता निवडता त्या थांबल्या. "तवापासून यायचं हे दरवाज्यात उभं राहणं सुरू हाय. साऱ्या गावाले पोचवतेत."

मला माझ्या रागाची लाज वाटली. पण खरं सांगायचं तर मास्तरांचा रागही आला. सबंध गावाला खरं बोलायला लावणारा माणूस स्वतः एका टोपीमागे लपला होता, आणि त्याची किंमत या बाईंनी दिली होती.

पुढे अमेरिकेतली लढाई संपली. बातमी आली आणि कापसाचा भाव उतरंडीसारखा कोसळला. साहेबांचे तंबू उठू लागले. मला साहेबाशी बोलायची वेळ शेवटपर्यंत आलीच नाही. वांगी मात्र राहिली. वैशाखात एका शुक्रवारी दुपारी आम्ही ओसरीवर बसलो होतो, मास्तर टोपी घालून शिकवत होते, आणि ठेकेदार अकोल्याहून नुकताच आलेला. त्यानं कनवटीचं एक पत्र काढून आतून आलेल्या बाईंच्या हातात दिलं. "तुमच्या पोरानं देल्लं." बाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं, त्याच्या टोपीकडे पाहिलं, आणि पत्र माझ्यापुढे धरलं.

मी वाचलं. पत्र आईलाच लिहिलेलं होतं. साहेब इथला कारभार आटोपून मिसर देशी कापसाच्याच कामास निघाला आहे, मजला बरोबर नेतो. सोमवारी सकाळी अकोल्याहून रेल्वेत बसेन, मुंबईहून जहाज. परत येणे केव्हा होईल सांगवत नाही. बाबांस सांगावे अथवा न सांगावे, ही तुझी मर्जी.

त्या काळी समुद्र ओलांडलेला माणूस परत येईलच असं नव्हतं, आणि आला तरी जातीत घेतील असंही नव्हतं. मास्तर खिडकीकडे पाहत होते. मग त्यांनी टोपी काढली, उपडी करून पुस्तकावर ठेवली आणि मला म्हणाले, "तुह्ये बैल कुठी हायेत?"

अमरावतीहून अकोला म्हणजे बैलांनी तीन दिवसांची वाट. रेल्वे तेव्हा अकोल्याशी येऊन थांबली होती. आम्ही तासाभरात निघालो. पुढे मी, हलक्या दमणीत मागे मास्तर आणि बाई, आणि बाईंच्या मांडीवर दशम्यांचं गाठोडं. वैशाखाचं ऊन, वारा बंद, बैलांच्या तोंडाला फेस. मास्तर दर कोसाला विचारत, "पोचू का?" मी म्हणे, "पोचू." ते म्हणत, "ठाऊक नसंन तं सांगू नको." शनिवार असा गेला. रविवारी सकाळी मूर्तिजापूर मागे पडलं आणि मला वाटलं, आता मात्र पोचतो.

पुढच्या नाल्याशी वाट बंद होती. कापसाच्या गाड्या, एकामागे एक, नजर पोचेल तिथवर. आणि नुसत्या उभ्या नव्हत्या. भाव पडल्याची बातमी वाटेतच आल्यामुळे निम्म्या गाडीवानांना अकोल्याला जायचं होतं आणि निम्म्यांना घरी परतायचं होतं. वळताना दोन गाड्या एकमेकींत अडकल्या होत्या, एकीचा आख मोडला होता. लोक झाडाखाली चिलमी ओढत बसले होते. संध्याकाळपर्यंत काही हलत नाही, असं त्यांनी आरामात सांगितलं.

मी मास्तरांच्या कानाशी लागलो. "सरकारी डाक हाय म्हणा. घटकाभरात वाट देतेत."

"डाक कुठी हाय?" मास्तर म्हणाले.

"मास्तर, पोरगं चाललं तुमचं! एक डाव खोटं बोला न!"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं आता पाटीवर काट मारतात. मग ते खाली उतरले आणि पहिल्या गाडीच्या म्हाताऱ्या गाडीवानापुढे जाऊन उभे राहिले. दोनदा घसा साफ केला.

"माहं पोरगं उद्या सकाळी रेल्वेनं जाऊन राहिलं," ते म्हणाले. "समुद्रापार. मांगं घरातून गेला, तवा म्या त्याच्याकडे पाह्यलंबी नाई. चूक माही होती. आता त्याले पोचवाले चाललो."

दोन वर्षांत हे त्यांनी बायकोजवळही कबूल केलं नव्हतं. दमणीत बाईंनी पदर तोंडाला लावला. म्हातारा गाडीवान चिलीम विझवून शेताच्या धुऱ्यावर चढला आणि तोंडाभोवती हात धरून ओरडला, "वाट सोडा रे! बाप पोराले पोचवाले चालला!"

ती हाक पुढच्यानं घेतली, त्यानं त्याच्या पुढच्याला दिली. आमच्याकडे वाटेचा हा रिवाजच आहे. नवरी चालली, तिरडी चालली, की भरली गाडीसुद्धा शेतात उतरवून वाट देतात. मास्तरांचं जाणं त्यातच धरलं गेलं. लोक उठले, चाकांना खांदे लावले, कापसानं भरलेल्या गाड्या एकेक करत भेगाळलेल्या काळ्या रानात उतरल्या. मध्ये दमणीपुरती वाट झाली आणि आम्ही निघालो. कुणी मूठभर गूळ बाईंच्या ओटीत टाकला, कुणी पोराला म्हणून दोन कांदे दिले. हाक आमच्यापेक्षा जोरात पळत होती. रांगेतला शेवटचा गाडीवान तर आम्हालाच दटावू लागला, "अरे, हाका लवकर! मांगून एका मास्तराची गाडी येऊन राहिली, त्याचं पोरगं चाललं हाय!"

सोमवारी सकाळी आम्ही अकोल्याच्या स्टेशनात पोचलो तेव्हा इंजिन वाफ सोडत होतं. स्टेशन म्हणजे मुरुमाचा एक ओटा आणि कापसाच्या गठाणींचे ढीग. मुलगा साहेबाच्या सामानाशी उभा होता. कोट, बूट, बापासारखाच उंच. बाई सरळ गेल्या, त्याचं मनगट हातात घेऊन "वाळला" म्हणाल्या आणि त्याच्या छातीवर डोकं टेकून मोठ्यानं रडल्या. साहेब दुसरीकडे पाहू लागला.

मास्तर दहा पावलांवर थांबले ते थांबलेच.

"जा न, मास्तर."

"काय बोलू?" ते म्हणाले. अर्ध्या गावाची वाक्यं दुरुस्त करणाऱ्या माणसाजवळ त्या दिवशी एक वाक्य नव्हतं. मला इतकं वाईट वाटलं, की मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या अंगाला हात लावला आणि पाठीत चांगला धक्का दिला.

ते पुढे गेले. बाप-लेक एकमेकांपुढे उभे. मास्तरांनी विचारलं, "तिकडे गरमी असते काय?"

मुलगा म्हणाला, "ठाऊक नाई, बाबा. म्या अजून पाह्यलं नाई."

मास्तरांच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते मी विसरणार नाही. दोन वर्षं साहेबाच्या पदरी काढूनही पोरगं न पाहिलेलं सांगत नव्हतं. ते काही बोलणार तोच घंटा झाली. मुलगा वाकला, मास्तरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो उचलायचा विसरून गेले. साहेबानं हाक मारली तेव्हा कुठे मुलगा डब्यात चढला. खिडकीतून तोंड काढून, डोळे पुसत, हसत म्हणाला, "बाबा, माय फादर केम टु सी मी ऑफ. पास काय?"

"नाई," मास्तर म्हणाले.

मुलाचं हसू गेलं. या माणसाला आताही सोडवत नाही?

"अजून नाई," मास्तर म्हणाले. "गाडी जाऊ दे आधी. मंग खरं होईन."

मुलाला कळलं. तो हसलाही आणि रडलाही, आणि गाडी हलली. बाई चार पावलं खिडकीबरोबर धावल्या, मग गठाणीवर मटकन बसल्या. मास्तर ओट्याच्या अगदी टोकाला गेले आणि डोळ्यांवर आडवा हात धरून उभे राहिले.

आमचा मुलूख किती सपाट आहे ते मला त्या दिवशी कळलं. ना डोंगर, ना वळण. गाडी लहान होत होत मुंगीएवढी झाली तरी दिसतच होती. मग नुसता धूर राहिला. ओटा रिकामा झाला. ऊन चढलं, मुरुम पायाला चटके देऊ लागला. हमाल येऊन म्हणाला, "बावा, गाडी गेली." मास्तर हलले नाहीत. मला काहीच दिसत नव्हतं. मी जवळ जाऊन विचारलं, "मास्तर, अजून दिसते काय?"

"धूर दिसते."

पुन्हा थोड्या वेळानं विचारलं.

"थोडासाक."

मग मी विचारायचं सोडलं आणि त्यांच्याशेजारी उभा राहिलो. बाईही उठून दुसऱ्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. किती वेळ गेला सांगता येणार नाही. अखेर मास्तरांनी हात खाली घेतला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. त्या कोऱ्या आभाळाकडे तोंड करूनच ते म्हणाले,

"आता बरोबर हाय."